नंदीचे पाय

"भिजले! नंदीचे पाय भिजले! उठा, गाव सोडा! चुली तशाच राहू द्या, लेकरं उचला, दावी कापा... नंदीचे पाय भिजले होऽऽ!"

हा आवाज आमच्या वडघाटच्या संतुका भोयाचा. आता मी सांगतोय म्हटल्यावर निम्मं वजा करूनच धरा, पण संतुकानं घाटावरून हाक दिली की पलीकडच्या काठावर धार काढणाऱ्या बाईच्या हातातली चरवी हिंदकळायची, आणि दोन कोसांवर गंगाखेडच्या बाजारात मिरच्या तोलणारा बागवान तागडी खाली ठेवून "जी, आलो" म्हणायचा. गंमत अशी, की हा गळा वर्षातून एखाद्याच दिवशी उघडायचा. एरवी हा माणूस इतकं हळू आणि इतकं थोडं बोलायचा, की त्याच्या नावेतून गंगा ओलांडलेल्या कित्येकांना तो मुकाच वाटायचा. त्या दिवशी त्यानं ही हाक दिली तेव्हा आभाळात टिकलीएवढा ढग नव्हता. ऊन असं पडलं होतं की चावडीपुढच्या फरशीवर कुत्रंसुद्धा चारी पाय एकदम टेकवत नव्हतं. मी चावडीत बोरू तासत बसलो होतो. हाक ऐकली, बोरू टाकला आणि घाटाकडं पळालो... पण ते पुढं सांगतो. आधी तो गळा बंद झाल्याचं सांगायला पाहिजे. तेच सांगायला बसलोय आणि तेच टाळतोय.

परभणीच्या एस. टी. स्थानकासमोर चहाचं एक हॉटेल आहे. रोज सकाळी तिथल्या बाकावर मी बसलेला असतो आणि जो सापडेल त्याला गोष्ट सांगत असतो. गेल्या महिन्यात दोन परगावचे सापडले होते. त्यांना मी आमच्या गंगेतल्या माशाची गोष्ट सांगत होतो. (आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त पुस्तकात म्हणतात, तोंडात ती गंगाच.) मासा असा, की त्याचं डोकं वडघाटला लागलं आणि शेपटी कुठं आहे ते बघायला पूर्णेपर्यंत घोडेस्वार पाठवावा लागला. अगदी रंगात आलो होतो. तेवढ्यात आमच्या गावचा एक कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत आला आणि म्हणाला, "नाना, संतुकाबा गेले. परवा. बसल्या जागी." एवढं बोलला आणि त्याची गाडी सुटायला लागली म्हणून पळाला. समोरच्या दोघांपैकी एकानं विचारलं, "मग नाना, मासा केवढा निघाला शेवटी?" मी म्हणालो, "हातभर."

घरी आलो. सून म्हणाली, "आज लवकर आलात." थापा मारायचा कंटाळा येऊ शकतो हे मला ऐंशीव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तो आला आहे, आणि अजून गेलेला नाही.

आमची ओळख झाली ती निजामी राज्यात, आम्ही दोघंही पंचविशीच्या आतबाहेर असताना. माझा चुलता वडघाटचा पटवारी, मी त्याचा गुमास्ता. चुलत्याला दम्यानं धरलेलं, त्यामुळं दफ्तर माझ्या बगलेत. पावसाळा लागला की गंगेकाठच्या गावांनी रोज नदीची कैफियत तालुक्याला कळवायची असा कचेरीचा हुकूम होता: पाणी किती आहे, चढतंय की उतरतंय, रंग कसा, काय वाहून आलं. ती लिहायची उर्दूत. उर्दू मी गंगाखेडच्या मौलवीसाहेबांकडं शिकलो होतो. तिनं माझं काय केलं ते कसं सांगू... भांगेची शेती करणाऱ्याला वर दारूचं दुकान द्यावं तसं झालं. आधीच मी थापाड्या, त्यात ती नखऱ्याची भाषा. पाणी घोट्याएवढं वाढलं की मी लिहायचो, "दर्या-ए-गंगा आज मस्तवाल हत्तीसारखी झुलत असून किनाऱ्यावरचे वृक्ष थरथर कापत आहेत." वृक्ष म्हणजे एक बाभूळ होती, आणि ती गेल्या साली पाटलाच्या नांगराला गेलेली होती.

दहा-बारा दिवसांनी कचेरीतल्या बड्या कारकुनाचा, पेशकारसाहेबांचा शेरा लाल शाईत आला. "मियाँ, शायरी नक्को. सीढियाँ बोलो."

म्हणजे पायऱ्या सांगा. आमच्या घाटाला उन्हाळी पाण्यापासून वर महादेवापर्यंत एकवीस पायऱ्या. सगळ्यात वर उघड्यावर नंदी. तोंड महादेवाकडं, पाठ गंगेकडं, मागचे दोन खूर घाटाच्या शेवटच्या पायरीला टेकलेले. पायऱ्या मोजायच्या म्हणजे घाटावर जायला पाहिजे, आणि चिखलात पाय घालायचा मला आळस. म्हणून मी नावाड्याला धरलं. नावाडी म्हणजे संतुका. "गड्या, तू रोज सकाळी पायऱ्या सांग, मी लिहितो." तो म्हणाला, "सांगतो. पर मी सांगंन तेवढंच लिवायचं." मी हो म्हणालो. ती माझी त्याच्याशी मारलेली पहिली थाप.

तेव्हापासून पाच-सहा पावसाळे आमचा रोजचा शिरस्ता ठरला. सकाळी मी चावडीच्या ओट्यावर, तो गुडघ्यापर्यंत चिखलात. "संतुका, किती?" "धा बुडाल्या. अकरावीला जीभ लावायलीय." "चढतंय का उतरतंय?" "चढतंय." "कशावरून?" मग तो मला घाटावर ओढून न्यायचा आणि दाखवायचा. चढत्या पाण्याला मधोमध पाठ येते, कासवासारखी. म्हणून काडीकचरा काठाला लागतो. पाणी उतरायला लागलं की मध्ये खोल पडतं, आणि तोच कचरा नदीच्या मध्यावर जाऊन एका रांगेत चालायला लागतो. तुराट्या आल्या तर पाऊस जवळचा, उगं एका दिवसाचं पाणी. मुळासकट झाड आलं तर लांबचा. घराचा वासा आला, आणि त्याला खिळे तसेच असले, तर मात्र बोलायचं नाही, सामान बांधायचं. पाण्याच्या कडेला तो एक खुंटी ठोकायचा, चिलीम भरायचा, ओढायचा, आणि चिलीम संपली की खुंटी कुठवर बुडाली ते बघायचा. घड्याळ गावात एकच होतं, पाटलाच्या वाड्यात, आणि ते पाटलाच्या मर्जीनं चालायचं. संतुकाची चिलीम मात्र रोज तेवढीच जळायची. तो "धा" म्हणाला की मी "चौदा" लिहायचो. पायऱ्या एकवीसच असल्यानं फार वर जाता यायचं नाही, ही माझ्या लेखणीची मोठी अडचण होती.

आता गावाचा रिवाज सांगतो, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. वडघाटच्या पुढं गंगा, मागं ओढा, ओढ्यापलीकडं उंच माळ. पूर आला की माळावर जायचं. पण कधी? तर नंदीचे पाय भिजल्यावर. त्याच्या आधी कुणीही दार ओढून घ्यायचं नाही. जुनी माणसं सांगायची, गंगा ही या गावची लेक. वर्षाकाठी माहेराला येती. ती उंबऱ्याला पाय लावायच्या आत आपण घर सोडून पळालो, तर तिनं जावं कुणाकडं? म्हणून ती नंदीपर्यंत यायची वाट बघायची. नंदीचे खूर भिजले की नावाड्याच्या घरानं हाक द्यायची. मग गावात जी माहेरवाशीण आलेली असेल तिनं घाटावर जाऊन गंगेची ओटी भरायची, खण-नारळ पाण्यात सोडायचा, आणि मग गाव उठायचं. या रिवाजाला मी आजही हसत नाही. शंभर वर्षं त्यानं गाव वाचवलं होतं. फक्त मधल्या काळात गंगेनं खालची कड खाल्ली, ओढ्याचं तोंड पार गावाजवळ आलं, आणि हे कुणी नंदीला सांगितलं नाही.

त्या साली पंचमीला संतुकाची बहीण सोना माहेरी आलेली. ताडकळसला दिलेली. हसायला लागली की नाव हलायची. आल्या आल्या मला म्हणाली, "नानाभाऊ, आवंदा किती हत्ती आणले गंगेत?" पंचमीच्या तिसऱ्या दिवशी पाणी चढलं. संतुका पहाटेपासून नंदीजवळ उभा. अठरा, एकोणीस, वीस. खुरांना पाणी लागलं त्या क्षणी त्यानं हाक दिली. आधी नाही, नंतर नाही. सोनानं खण-नारळ घेतला, घाटावर गेली, सावकाश ओटी भरली, कारण लेकीची ओटी घाईनं भरत नसतात. गाव ओढ्याकडं निघालं. आणि तिथं ओढा नव्हताच, दुसरी गंगा होती. गंगेचं पाणी ओढ्याच्या तोंडातून आत शिरून पाठीमागून चढलेलं. पुढचे गळ्याएवढ्या पाण्यातून एकमेकांच्या हाताला धरून पार झाले. सोना ओटी भरून शेवटी आली. संतुका नाव फिरवून मागच्या बाजूला आणेपर्यंत... नाव पोचली. तोवर पलीकडं तिच्या सासरची एक पिवळी चुंबळ तेवढी तरंगत होती.

दुसऱ्या दिवशी माळावर मी त्याच्याजवळ बसलो. दफ्तर उघडलं. तो म्हणाला, "लिवा. एकवीस बुडाल्या. ओढा भरला. बाई एक." तेवढंच बोलला. मी तेवढंच लिहिलं. माझ्या हातून तालुक्याला गेलेली ती पहिली खरी कैफियत. आठ दिवसांनी उत्तर आलं. पेशकारसाहेब वाईट माणूस नव्हते. माझा कागद आला की आकड्यांतून आपल्या अंदाजानं काही वजा करायची त्यांना सवय लागली होती. ती मीच लावलेली. लाल शाईत एक ओळ होती: "यह औरत सच्ची है, या शायरी?"

तो कागद मी संतुकाला वाचून दाखवला नाही. त्याला उर्दू येत नव्हती ही त्या दिवशी देवाची कृपा वाटली. त्यानंतर कैफियतीत मी एक शब्द वाढवला नाही. बाहेर, पारावर, बाजारात, लग्नात दुप्पट वाढवले. पाणी कुठून तरी निघतंच.

संतुका मात्र घाट सोडून ओढ्याकडं जायला लागला. पुढचे पावसाळे त्याची एक खुंटी गंगेला आणि एक ओढ्याला. सकाळी या काठावर चिलीम, मग त्या काठावर चिलीम. एकदा मला घेऊन गेला आणि ओढ्यात पिंपळाचं पान टाकलं. पान जागेवर उभं राहिलं. मग हळूच उलटं, वरच्या अंगाला चालायला लागलं. "बगा," तो म्हणाला. "वरी सात पायऱ्या कोरड्या ऱ्हायल्या की हे पान उलटं फिरतंय. दर टायमाला. तवा निगलं तर गुडघाभर पाणी. नंदीची वाट बघितली तर..."

हे त्यानं रंगराव पाटलांना सांगितलं. एकदा नाही, दर साली सांगितलं. मी साक्षीदार म्हणून जायचो आणि माझ्या साक्षीनं त्याची बाजू आणखी पडायची. पाटील समजदार माणूस. म्हणायचे, "संतुका, तू मनतोस ते खरं आसंल. पर गाव माज्या मनन्यावर उठत न्हाई, नंदीच्या पायावर उठतंय. उद्या मी मनलो सात पायऱ्या, परवा कुनी मनंल धा. आन् पाटील भेला मनून गंगाखेडपस्तोर बोभाटा व्हईल त्यो निराळाच." मी मध्येच म्हणालो, "पाटील, मी हाक देतो की. मी म्हणतो भिजले." पाटील इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नाना, तुमी 'आग लागली' मनलात तर लोक चिलीम पेटवायला इस्तू मागायला येतील." संतुकासुद्धा हसला. सोना गेल्यावर त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितला, म्हणून तो टोमणा मी पदरात पाडून घेतला.

आणि मग ती सकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. पुढं राज्यच उलटलं, त्याच्या दोन-तीन पावसाळे आधीची. आमच्याकडं पंधरा दिवस थेंब नव्हता. लोक पावसासाठी देव पाण्यात बुडवून बसले होते, आणि गंगा मात्र चढत होती. वरती कुठं तरी, आम्हाला न दिसणाऱ्या मुलखात, आभाळ फाटलं होतं. कडक उन्हात पूर येतो तेव्हा माणसाला तो खरा वाटत नाही. बायका घाटावर धुणं धूत होत्या आणि पाणी चढेल तशा एकेक पायरी वर सरकत होत्या, बस एवढंच. तांबडफुटीला संतुका चावडीवर आला. म्हणाला, "नाना, वासा आलाय. खिळ्यासकट. एक न्हाई, तीन." मग पाटलाकडं गेला. पाटील देवपूजेला बसलेले. आतून आवाज आला, "नंदीचे पाय?" संतुका म्हणाला, "कोरडे." आतून घंटा वाजली.

तो परत माझ्यापुढून गेला. थांबला नाही. ऊन वर आलं, मी बोरू तासायला बसलो. आणि मग ती हाक आली. "भिजले! नंदीचे पाय भिजले!"

काय सांगू... गाव असं उठलं! कुणी घाटाकडं बघायलासुद्धा गेलं नाही. संतुका भोई म्हणाला म्हणजे भिजले. सूर्य उगवला का हे बघायला कुणी उठत असतं? पाटील सोवळ्यानंच बाहेर आले. "ओटी?" कुणी तरी ओरडलं. "ओटीचं आमी बगतो, तुमी निगा," संतुकाचा आवाज आला. मी दफ्तर घेऊन उलटा घाटाकडं पळालो, कैफियतीला पायरी पाहिजे म्हणून. वाटेत संतुकाची बायको गजरा, बोरी गावची, समोरून वर येत होती. कमरेला तांब्याची कळशी, रिकामी, पदर निथळत होता. मी मनात म्हणालो, गाव बुडायला निघालंय आणि ही गढूळ पाणी भरायला कुठं आली! घाटाच्या माथ्यावर पोचलो आणि खाली बघितलं. पाणी नंदीच्या सात पायऱ्या खाली. मोजल्या. पुन्हा मोजल्या. सात.

मी संतुकाकडं बघितलं. तो नंदीच्या वशिंडावर हात ठेवून गंगेकडं बघत उभा होता. घामानं, पाण्यानं ओलाचिंब. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? लाज वाटते, पण आनंद झाला. एवढा मोठा, राजासारखा आनंद! पंचवीस वर्षं मी या गावात एकटा थापाड्या होतो. आज हा सत्याचा पुतळा माझ्या पंगतीला येऊन बसला होता. मी त्याला डोळा मारला. त्यानं बघितलं नसावं. दफ्तर मांडीवर घेऊन तिथंच मी लिहिलं, "नंदीचे पाय भिजले," तारीख टाकली, सही केली. मित्राची थाप मित्रानं पचवायची असते.

गाव गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडून माळावर गेलं. म्हातारे पाठकुळी, कोंबड्या टोपल्यात, पाटलीणबाई पाटावर. मी आणि संतुका शेवटचे. ऊन डोक्यावर येईपर्यंत तोच ओढा दोन पुरुष खोल झाला आणि उलटा, चढावर वाहायला लागला. माझ्यावर विश्वास ठेवा, एवढं एक मी वाढवलेलं नाही. पण घाटावर गंगा नंदीच्या चार पायऱ्या खाली येऊन थांबली. नंदीपर्यंत आलीच नाही. तिथं दिवसभर घुटमळली, आणि मग काडीकचरा मध्यावर घेऊन उतरायला लागली.

तिसऱ्या दिवशी गाव परत आलं. पाटील सरळ घाटावर गेले, मागं सगळं गाव. गाळाची रेघ कोरीव दिसत होती. तिच्या वर चार पायऱ्या उन्हानं पांढऱ्याफटक, आणि त्यांच्या वर नंदी, भाजलेल्या विटेसारखा कोरडा. पाटलांचा चेहरा मला आठवतो. रागापेक्षा त्याच्यात दुःख जास्त होतं. "संतुका, गावापुढं बोल. पाय भिजले हुते का?"

"हाव."

"मग गाळ कुटाय?"

मी पुढं होऊन म्हणालो, "पाटील, कैफियतीतसुद्धा लिहिलंय, भिजले म्हणून." म्हणजे होतं नव्हतं ते मी बुडवलं. एक म्हातारी कडाकडा बोटं मोडून म्हणाली, "लेकीला फसीवलंस रं भोया! न येताच वटी दिलीस!" कुणी म्हणालं, आपल्या बहिणीचं उट्टं काढलं गंगेवर. ओढा भरला होता हे सगळ्यांनी बघितलं होतं. पण ओढा दर सालीच भरतो. त्यात जे बुडाले असते, ते तिथं उभे राहून त्याला शिव्या देत होते, आणि त्यांतल्या एकालाही आपण बुडालो नाही याचा पत्ता नव्हता. पाटील एवढंच म्हणाले, "आजपसून तुजी हाक बंद." हाकेचं काम शेतसिंध्याकडं गेलं. शेतसिंधी म्हणजे गावचा शिपाई. त्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा होता.

संतुकानं पुन्हा कधी हाक दिली नाही. नाव चालवली. माझ्या कैफियतीला पायऱ्या सांगितल्या, शेवटच्या दिवसापर्यंत. राज्य गेलं, कचेरीची पाटी बदलली, उर्दू गेली, पेशकारसाहेब गेले. हळूहळू गावाला एक सवय लागली. पाणी निम्म्याच्या वर आलं की एखादा म्हणायचा, "आदीच जाऊन बसलेलं बरं, ओढ्याचा नेम न्हाई." दुसरा मान डोलवायचा. हे शहाणपण त्यांना कुठून आलं हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि संतुकानं सांगितलं नाही. मग पूल झाला, नाव काठाला उलटी पडली. वरती धरण झालं. आता गंगा येते ती आधी कळवून येते, आणि तिच्या येण्याची बातमी सांगायला गळा लागत नाही.

मी परभणीला राहायला आलो. वर्षातून दोनदा वडघाटला जायचो आणि लांबूनच ओरडायचो, "काय रे थापाड्या!" तो मान वर करून हसायचा. म्हणायचा, "या. बसा." पारावर बसून मी नव्या माणसांना हत्ती, मगरी, मासे ऐकवायचो. मध्येच एखाद्यानं त्याला विचारावं, "बाबा, खरं हाय का?" मग तो विचार करून म्हणायचा, "मासा हुता." बस. तेवढ्या दोन शब्दांवर माझी अख्खी गोष्ट उभी राहायची. थाप मारायलासुद्धा शेजारी एक खरा माणूस लागतो, नाही तर तिला टेकायला जागा राहत नाही. मी त्याला कितीदा तरी म्हणालो असेन, "संतुका, जन्मात एक थाप मारलीस पण काय मारलीस!" तो चिलमीकडं बघायचा. "लिवलं न्हवं तुमी? मग झालं."

तो गेल्यावर चौदाव्या दिवशी वडघाटला गेलो. एस. टी. फाट्यावर सोडते. तिथून पाऊण कोस. पाय चालत नाहीत, आणि वाटेत कुणाला काही सांगावंसंही वाटलं नाही. आधी घाटावर गेलो. गंगा खाली कुठं तरी हिरवट, आटून पडलेली. पायऱ्यांवर त्यानं चुन्यानं ओढलेल्या रेघा अजून पुसट दिसतात. तिथून त्याच्या घरी. गजरावहिनी अंगणात बसून चिंचेनं तीच तांब्याची कळशी घासत होत्या. एका बाजूला पोचा पडलेली, काठ झिजून पातळ झालेला. दाराशी खुंटीला त्याचा पटका. ओट्यावर, तो बसायचा तिथं, कुणी बसलेलं नव्हतं. मीही बसलो नाही, खाली पायरीवर टेकलो.

काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वहिनी, माणूस सोन्यासारखा. सगळ्या जन्मात एकदाच खोटं बोलला... तेही गावासाठी."

त्यांनी घासायचं थांबवलं नाही.

"खोटं कवा बोलले?"

"तेच हो. नंदीचे पाय."

"भिजले हुते की. तुमी तितंच उबे हुता न्हवं, बगितलं न्हाई?"

मी आठवायला लागलो. मी पाणी बघितलं होतं. पायऱ्या मोजल्या होत्या, दोनदा. संतुकाचा चेहरा बघितला होता. नंदीच्या पायांकडं... घाटावरून वर येणारी ती रिकामी कळशी, निथळणारा पदर.

"वहिनी, मग त्यानं पाटलापुढं सांगितलं का नाही? मला का नाही सांगितलं? एवढी वर्षं?"

"कशानं भिजले ते कुनी इचारलंच न्हाई."

"पाणी... गंगेचंच होतं?"

"गंगेचंच." त्यांनी कळशी पालथी करून पाणी झटकलं. "एका कळशीत भागलं न्हाई भावजी, दोन आनाव्या लागल्या."